सोशिकता-अंक

पुण्यातल्या 'दिशा' प्रयोगशाळेत उर्जिता सानप आली तेव्हा डॉ. प्रल्हाद घुगे खुर्चीतून उठून उभे राहिले. ती त्यांची सख्खी भाची. एरवी आल्या आल्या वाकून नमस्कार करणारी. आज तिनं खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

"मामा, माझाच विषय दुसऱ्या एका मुलीनं मांडला आणि तिला प्रवेश मिळाला. दिशेनं माझं काम तिला दिलं का?"

लडाखच्या परग्रहजीवन विद्यापीठात जगभरातून वर्षाला जेमतेम तीस विद्यार्थी घेत. उर्जिताची तयारी आठवीपासून चालली होती. घर लोणारला, सरोवराच्या कडेला. त्या खाऱ्या पाण्यातले जीवाणू सुकवून, गोठवून ती पुन्हा जागे करत असे, आणि मंगळाच्या मातीत ते तग धरतील का, हे पडताळत असे. पण अर्जाच्या ऐन वेळी दिशेनं तिला सांगितलं, 'हा विषय सोड. यंदा यावर तुला प्रवेश मिळणार नाही.' तिनं ऐकलं. शाळेसाठी बनवलेल्या पाण्याच्या गाळणीवर अर्ज लिहिला आणि तो नाकारला गेला.

दिशा ही घुगेंनीच रचलेली समुपदेशन-यंत्रणा. राज्यातला प्रत्येक अर्जदार तिच्याशी रोज बोलत असे.

"दिशा कुणाचं काम कुणाला देत नाही," घुगे म्हणाले. "त्या मुलीला ते स्वतःलाच सुचलं होतं."

"मग मला का सोडायला लावलं?"

"विद्यापीठ साम्यछेद करतं. दोन अर्ज एकसारखे दिसले, की दोन्ही बाद. घोकून आलेली मुलं त्यांना नको असतात. दोन मुली एकाच विषयाकडे निघाल्यात, हे फक्त दिशेला दिसतं, कारण ती दोघींशीही बोलते. दोघींना जाऊ दिलं तर दोघीही पडणार. एकीला वळवलं, तर दुसरी तरी पोचते."

"वळवायचं कुणाला, हे कशावरून ठरतं?"

"गुणवत्ता सारखी असेल, तर सोशिकता-अंकावरून. नकार कोण पचवू शकेल, हे दिशा तुमच्या बोलण्यावरून मोजते. जी सावरेल, तिला वळवायचं. एकूण दुःख कमीत कमी व्हावं, एवढाच त्यामागे विचार होता."

उर्जिता आता खाली बसली. बाबा गेले त्या आठवड्यातही ती नमुने घ्यायला सरोवरावर उतरली होती. घरात आईसमोर रडता येत नव्हतं, म्हणून. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त दिशेला सांगितलं होतं, मन मोकळं करायला.

"म्हणजे यंत्रानं ठरवलं," ती म्हणाली.

"यंत्राला तो अधिकार नाही. माणसाची संमती लागते."

"कुणाची?"

"माझी." घुगेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला नावं दिसत नाहीत. नुसते विषय आणि अंक."

"लोणारचं सरोवर दिसलं असेल ना?"

"दिसलं."

"मग ओळखलंत तुम्ही मला."

"ओळखलं. तू भाची म्हणून तुला वाचवलं असतं, तर ते त्या मुलीच्या जिवावर झालं असतं. आणि एरवी मला त्या अंकाची खात्री नसते. तुझ्या बाबतीत होती, उर्जी. तू सावरशील, हे मला ठाऊकच होतं."

"दिवाळीला तुम्ही आमच्याकडे होतात. गाळणीवरचा निबंध मी तुम्हाला वाचून दाखवला. तेव्हा हे ठरलेलं होतं?"

"होतं."

"तुम्ही मला शाब्बास म्हणालात, मामा."



उर्जितानं त्यांच्या समोरचा पडदा स्वतःकडे वळवला, स्वतःचं खातं उघडलं आणि कायमचं बंद करून टाकलं. "पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार. माझ्याच विषयावर. दिशेशिवाय."

दिशा खोलीतलं बोलणं ऐकत होती. पडद्यावर लगेच संमतीची नवी विनंती आली. घुगेंनी ती वाचली. "यंत्रणेबाहेरच्या मुलीला दिशा वळवू शकत नाही," ते हळूच म्हणाले. "त्यामुळे पुढच्या वर्षी या विषयावर जी दुसरी मुलगी आहे, तिलाच वळवावं लागेल. शिरोड्याची आहे. मिठागरातल्या जीवाणूंवर काम करते. सांग, देऊ संमती?"

उर्जितानं ती विनंती स्वतः वाचली.

"तिला खरं काय ते सांगा."

"मग तीही बाहेर पडेल. तुमचे अर्ज सारखे ठरतील आणि दोघीही बाद व्हाल."

"आम्ही बोलून ठरवू. ती तिचं मीठ घेईल, मी माझं सरोवर. एकीनं सुकवणं बघावं, एकीनं गोठवणं. दोन माणसं एवढं करू शकतात ना?"

घुगेंनी आजवर नियम मोडला नव्हता. आज त्यांनी मुलीचं नाव आणि नंबर उघडून दिला.

उर्जिता बाहेर व्हरांड्यात आली आणि तिनं फोन लावला. "समिधा आरोंदेकर ना? मी लोणारहून उर्जिता सानप बोलतेय. तू मला ओळखत नाहीस, पण—"

"उर्जिताताई, दिशा म्हणाली, तुमचा फोन येईल."

"कधी म्हणाली?"

"आत्ताच. माझा नंबर कुणीतरी उघडून बघितला म्हणाली. यंत्रणा सोडलेल्या एका मुलीला तुझ्याच विषयावर अर्ज करायचाय, आणि ती तुलाही यंत्रणा सोडायला सांगेल, असं म्हणाली. खरंय का हे?"

उर्जिताला यातला एकही शब्द खोडता येईना.

"खरंय. पण समिधा, माझं पूर्ण ऐकून घे. तुला वळवणार आहेत. तू सहन करशील असं दिशेला वाटतं, म्हणून—"

"ताई, राग मानू नका. माझी आजी गेली तेव्हा रोज माझ्याशी दिशा बोलत होती. तुम्हाला तर मी ओळखतही नाही."

फोन बंद झाला. वर्षापूर्वी असा फोन आपल्याला आला असता, तर आपणही हेच केलं असतं, हे उर्जिताला कळत होतं. तिनं पुन्हा नंबर लावला.