म्हशीच्या कानातलं बोलणं

"चंद्री, ऐक गं बाई. जालन्याचा रिपोर्ट आला. काही निघालं न्हाई. साधी गाठ हाय."

दुर्गाबाईने हे म्हशीला सांगितलं, पण आवाज असा चढवून की कमरेएवढ्या भिंतीपलीकडे ज्वारी पाखडत बसलेल्या उषाबाईच्या सुपात तो बराबर जाऊन पडावा. सूप थांबलं. मग दोन-चार दाणे उगीच वर उडाले आणि पलीकडून उत्तर आलं, तेही तुळशीला उद्देशून.

"बरं झालं बाई तुळसे. घोर मिटला."

वाटूरच्या त्या घरात सहा वर्षं हे असंच चाललं होतं. दुर्गाबाई थोरली जाऊ, उषाबाई धाकटी. अंगण एक, चुली दोन, मध्ये भिंत. दुर्गाबाईला काही सांगायचं असलं की ती म्हशीला सांगे, उषाबाईला सांगायचं असलं की ती तुळशीला. लेकी बोले सुने लागे, ही म्हण ज्याने काढली त्याने या दोघींना पाहूनच काढली असावी. घरातले दोघे भाऊ, थोरले रामराव आणि धाकटे बद्रीनाथ, एकाच ताटात जेवत आणि बायकांच्या भानगडीत पडत नसत. शहाणी माणसं! दळण संपलं, पाणी सुटलं, सोयरे येणार, सगळं या वाटेने पोचायचं. फक्त एक गोष्ट या वाटेने जात नसे. प्रश्न. म्हशीला प्रश्न विचारला तर उत्तर कोण देणार? आणि पलीकडून उत्तर आलंच, तर अबोला मोडला की! म्हणून सहा वर्षांत दोघींनी एकमेकींना खूप काही सांगितलं होतं, पण विचारलं काहीच नव्हतं.

आणि आज दुर्गाबाईने सांगितलं तेही धादांत खोटं होतं.

गळ्याच्या उजव्या बाजूला, पोतीच्या मण्यांखाली, तिला पावसाळ्यात गाठ लागली होती. रामरावांनी जालन्याला नेलं. सोनोग्राफी झाली, सुई टोचून पाणी काढलं, रिपोर्ट आला की नक्की सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सुई, पुन्हा तेच. डॉक्टर भले होते, समजावून सांगत होते. अशा शंभर गाठींतल्या पंधरा-वीस वाईट निघतात, बाकीच्या साध्या. बाहेरून कळत नाही. एक तर दर सहा महिन्यांनी तपासत राहा, नाही तर गळ्यातली अर्धी थायरॉईड ग्रंथी काढून टाकू, मग ती तपासली की पक्कं कळेल. ऑपरेशन मोठं नाही. पण आवाजाची नस तिथूनच जाते. क्वचित तिला धक्का लागतो, आवाज बसतो. एखाद्याचा कायमचा.

"दोनदा सुया टोचल्या अन् एवढंच?" दुर्गाबाई म्हणाली होती.

"बाई, आम्हाला जे दिसतं तेवढंच आम्ही सांगतो," डॉक्टर म्हणाले.

येताना बसमध्ये रामराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझा गळा हाय. तू ठरव." चाळीस वर्षांच्या संसारात तिला ठरवायला दिलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती अशी!

तिने ठरवलं, नाही करायचं. फाईल पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली गेली आणि म्हशीला साधी गाठ सांगून झाली. उषाबाईची कीव नको होती तिला. ज्या बाईने भर मांडवात आपल्याला बाजूला सारलं, तिच्या डोळ्यांतलं पाणी बघण्यापेक्षा गाठ बरी...

अंगद उषाबाईच्या पोटचा, पण वाढला दुर्गाबाईच्या मांडीवर. त्याच्या जन्मानंतर उषाबाई काविळीने वर्षभर अंथरुणाला खिळली होती. दुर्गाबाईला मूल नव्हतं. म्हशीचं दूध पातळ करून, बोंडल्याने, थेंब थेंब पाजत तिने ते पोर जगवलं. उषाबाई उठली तेव्हा पोरगं तिच्याकडे जाईना. त्या दिवशी उषाबाई रडली नाही. हसून म्हणाली, "बाई, याच्या लग्नात सूनमुख तुमीच बघायचं. माझा शब्द." आणि दुर्गाबाईने तो शब्द चोवीस वर्षं अंतःकरणाच्या कप्प्यात घडी घालून ठेवला.

लग्न झालं. मांडवात पाट मांडला. सासूने पाटावर बसायचं, नवी सून मांडीवर घ्यायची, आरशात तिचं मुख बघायचं आणि तिला साखर भरवायची, अशी रीत. दुर्गाबाई हिरवं लुगडं नेसून, ओटीत साखरेची वाटी घेऊन पाटाकडे निघाली. चार पावलं उरली होती... तेवढ्यात गर्दीतून उषाबाई झपकन पुढे आली आणि पाटावर बसली. वर बघून एवढंच म्हणाली, "आई मी हाय त्याची."

ती साखर दुर्गाबाईने घरी आल्यावर म्हशीच्या आंबोणात ओतली आणि त्या दिवसापासून म्हशीशी बोलू लागली.

खोटं मात्र फार टिकलं नाही. फाईलमध्ये सगळं इंग्रजीत होतं, आणि दुर्गाबाईच्या मनात एक वेडी आशा होती की डॉक्टर जे बोलले नाहीत ते कागदावर लिहिलं असेल. आठ दिवस तिने कळ काढली. मग अंगदच्या बायकोला, अर्पिताला, हळूच बोलावून फाईल पुढे केली. अर्पिता शिकलेली, वडीगोद्रीची लेक. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"मोठी माय, यात साधी गाठ कुठं लिव्हलंय?"

"कुठंच न्हाई?"

"नक्की सांगता येत न्हाई, असंच हाय. दोन्ही बारीला."

"मंग ठेव तिथंच. अन् कोणापशी बोलू नको."

अर्पिता मान हलवून गेली. पोरगी आज्ञाधारक होती, पण एवढीही नव्हती.

अर्ध्या तासात उषाबाई भिंतीला वळसा घालून अलीकडे आली. सहा वर्षांत तिचं पाऊल या बाजूच्या शेणाच्या सड्यावर पडलं नव्हतं. दुर्गाबाई धार काढायला बसली होती. मागे अर्पिता, अपराध्यासारखी.

उषाबाई म्हशीकडे बघत नव्हती. तुळस तर पलीकडेच राहिली होती.

"बाई, ऑपरेशनला कामून न्हाई म्हणून राह्यलात तुमी?"

प्रश्न होता. सरळ, तोंडासमोर. दुर्गाबाईच्या हातातली धार तुटली. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण मान फिरवू, चरवी उचलू, आत जाऊ. किती वेळा मनात करून पाहिलं होतं तिने तसं! पण प्रत्यक्षात ती पाटावरून उठलीच नाही.

"नस कापली गेली तर आवाज जातो," ती म्हणाली.

"जाऊ द्या की. जीव मोठा का आवाज? कोणाला हाका मारायच्यात तुमाला?"

"हाका न्हाई मारायच्या." दुर्गाबाईने पदराने हात पुसले, सावकाश, एकेक बोट. "सहा वर्षं एकच गोष्ट इचारायची राह्यली माझी. रोज म्हणते, तू आधी बोलशील, मंग इचारीन. आवाज गेला तर कशानं इचारू, उषा?"

सहा वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून निघालं. उषाबाई एक पाऊल पुढे आली.

"मंग इचारा. आत्ता इचारा."

"तू पाटावर कामून बसलीस?"

उषाबाईने वळून सुनेकडे पाहिलं.

"अर्पिता, घागर भरून आण."

"घागर भरलेलीच हाय, मम्मी," अर्पिता म्हणाली, आणि हलली नाही.

तेव्हा उषाबाई खालीच बसली, शेणामुताचा विचार न करता, आणि मान खाली घालून बोलू लागली. "तुमी साखर आणायला गेल्ता तवा हिची आजी माझ्यापशी आल्ती. कानात म्हणली, वांझेच्या मांडीवर आमची पोर बसवायची न्हाई. बसवली तर मी मांडवात वरडून सांगीन. बाई, ती वरडली असती. तुमी चार पावलांवर होता. तुमच्या कानावर तो शब्द पडायच्या आधी मला काही सुचलं न्हाई... मी बसले."

"अन् सहा वर्षं सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी या पोरीचं तोंड बघितलं असतं का? हिला 'मोठी माय' म्हणू दिलं असतं का? मला न्हाई बोललात तर चालतं, म्हणलं. मी मोठी हाय, सोसीन. तिचा काय गुन्हा?"

दुर्गाबाईने भिंतीकडे पाहिलं. आपण सोसलं, आपण सोसलं, असं सहा वर्षं जिला ऐकवलं ती भिंत, आणि तिच्या पलीकडे ही दुसरी, आपल्यापेक्षा जास्त सोसून, तुळशीला पाणी घालत होती... एकटीच भोगतोय या अभिमानावर आपण जगलो, हे तिला उमगलं आणि तिची तिलाच लाज वाटली. चंद्री मात्र धार अर्धी राहिली म्हणून शेपटी आपटत होती.

अर्पिता रडत होती. "मला ठाव नव्हतं, मोठी माय. खरंच ठाव नव्हतं." मग तिने डोळे पुसले, अंगणातल्या खांबावर बद्रीनाथांचा दाढीचा आरसा लटकत असे तो काढला, घरात जाऊन मुठीत साखर आणली आणि धारेच्या बुटक्या पाटावर बसलेल्या दुर्गाबाईच्या मांडीवर, एखाद्या लहान मुलीसारखी, येऊन बसली.

आरसा उषाबाईने धरला. नेमका कुठे धरावा म्हणून ती तो हलवत होती, त्यामुळे आरशात कधी सुनेचं मुख दिसे, कधी दुर्गाबाईचा गळा, कधी म्हशीचं शिंग. दुर्गाबाईने साखर भरवली. बोटं सगळी दुधाची. डोळ्यांतल्या पाण्याने अर्पिताला ती साखर खारट लागली असणार, पण तिने ती कणभरही सांडू दिली नाही.

"आता कापू द्या गळा," दुर्गाबाई म्हणाली. "माझं इचारून झालं."

ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. उषाबाई दवाखान्यात तिच्याजवळ राहिली. अर्धी ग्रंथी निघाली, जखम भरली, रिपोर्टही आला. गाठ साधी होती. नखाएवढंही वाईट काही नव्हतं. पण नसेला धक्का लागला होता. डॉक्टरांनी वाट बघा म्हणून सांगितलं, दोघींनी सहा महिने वाट बघितली, गोळ्या झाल्या, गळ्याचे व्यायाम झाले. आवाज परतला नाही. उरला तो घोगरा, फाटका, दोन हातांवर ऐकू जाईल एवढाच.

रामरावांना ते फार लागलं. एका संध्याकाळी अंगणात चहा पिताना ते म्हणाले, "साधीच गाठ निघाली. नसती कापली तरी चाललं असतं. फुकट गेला आवाज."

दुर्गाबाईने बशी खाली ठेवली.

"फुकट न्हाई गेला," ती म्हणाली. रामरावांना ऐकू गेलं नाही, त्यांनी कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं नाही.

बांधावरून चंद्री परतायची वेळ झाली होती. पूर्वी दुर्गाबाईची एक हाक गेली की म्हैस निमूट यायची. आता ती हाक तिला ओळखू येत नसे, पोचतही नसे. दुर्गाबाई भिंतीपाशी गेली. भिंतीचे वरचे दोन थर बद्रीनाथांनी काढून टाकले होते, ती आता बसण्याच्या उपयोगाची झाली होती. पलीकडे उषाबाई भाकरी थापत होती.

"उषा," दुर्गाबाई त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "म्हशीला हाक मारतीस का?"

"मारते, बाई."

उषाबाईने पिठाचे हात तसेच ठेवून, थोरल्या जावेच्या चालीवर, लांबलचक हाक मारली. चंद्रीने मान वर केली, जरा विचार केला, आणि घराकडे चालू लागली.