खाजण बँडचा खुळखुळेवाला

बॅप्टिस्टची शवपेटी मातीत उतरत होती, तेवढ्यात मयताच्या बँडमधल्या ट्रम्पेटचा सूर मध्येच तुटला. त्याच्या लेकीने, डेल्फिनने, रडता रडता मान वर केली. एक उंच, हडकुळा तरुण ट्रम्पेट छातीशी धरून खाली बघत उभा होता.

माणसं पांगल्यावर तो तिच्यापाशी आला.

"माफ करा… शेवटचा सूर माझ्याच्याने लागला नाही."

"पप्पांना गाण्यातलं काही कळायचं नाही," ती म्हणाली. "त्यांनी मनावर घेतलं नसेल."

आणि बापाच्या ओल्या मातीपाशी दोघांनाही हसू फुटलं. डेल्फिनला स्वतःचीच लाज वाटली. पण कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. त्याचं नाव आग्नेल. महिन्याभराने तो थेट ती शिकवायची त्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याचा मित्र बेसिल ड्रम वाजवायचा. बेसिलच्या बोटीवरच्या भावाने कॅसेटी आणल्या होत्या – सोल, फंक, क्युबाची गाणी, आफ्रिकेचे ताल. गणपतीत ताशा बडवणारा गोखिवऱ्याचा सिद्धेश आता काँगोच्या उभ्या ढोलांवर हात बसवत होता. त्यांनी स्वतःचा नवा बँड काढला होता, त्याचं नाव 'खाजण'.

"खाजण? चिखल?"

"समुद्राचं पाणी येतं, पावसाचं येतं, सगळं एक होतं. तसं आमचं," आग्नेल म्हणाला. "फक्त आवाज नाही. तुम्ही चर्चमध्ये गाता, तसा."

"वर्षभर दुखवटा आहे. गाणं बंद."

"मग वर्षभर थांबतो."

"बँड थांबेल?"

"बँडचं ठाऊक नाही – मी माझं सांगितलं."

ती नुसतं ऐकायला जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी सिद्धेशच्या काकांच्या कारखान्यात लेथ बंद असत, तिथे सराव चाले. ती काळ्या फ्रॉकमध्ये तेलाच्या पिंपावर बसे. आधी जो तो आपापल्या वाटेने धावायचा. मग एका दुपारी काँगो, ड्रम आणि ट्रम्पेट असे काही जुळले की पत्रे थरथरले.

"पाय हलतोय तुमचा," आग्नेल जवळ येऊन म्हणाला.

"मुंगी चावली."

"अगदी तालात चावली…"

ती लाजून पाय पोटाशी ओढू लागली, तोच त्याला खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडावरून काढला तेव्हा तो लाल झाला होता.

क्षय. धाप लागते हे त्याला कितीतरी महिने कळत होतं, पण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ट्रम्पेट कायमचा बंद म्हणून सांगितलं. एक फुप्फुस जवळजवळ गेलंच होतं.

डेल्फिनच्या आईला, थेरेसाला, सगळं समजलं. ती ओरडली नाही. चुलीपुढे बसून एवढंच म्हणाली, "बाय, या घरात एक विधवा पुरे."

तरी डेल्फिन त्याच्या घरी जात राहिली. तो खिडकीच्या आत, ती बाहेर.

"लांब उभी राहा."

"आहे ना लांब."

"बेसिलला सांग, दुसरा ट्रम्पेटवाला बघ."

"तूच सांग. मी निरोप्या नाही." आणि ती केळीच्या झाडाआड जाऊन रडली.

दुखवट्याच्या नवव्या महिन्यात राजोडीला किनाऱ्यावर पहिला कार्यक्रम ठरला. ट्रम्पेटशिवाय गाणी पोकळ वाटत होती. डेल्फिन म्हणाली, "मी गाते."

आग्नेलच्या थुंकीत आता जंतू नव्हते, पण गालांची हाडं वर आली होती. बेसिलने त्याच्या हातात दोन खुळखुळे दिले.

"हे लहान पोरांचं काम," तो कडवट हसला.

संध्याकाळी पाच वाजता ती काळ्या फ्रॉकमध्ये माइकसमोर उभी राहिली. पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "बापाची माती तरी सुकू द्यायची!" दोन-तीन घरची माणसं उठून गेली. डेल्फिनची पहिली ओळ आतच राहिली. शेजारी खुळखुळे मात्र थांबले नाहीत. आग्नेल तिच्याकडे न बघता वाजवत राहिला. तिने तो ताल पकडला आणि ती गायली. रडत गायली, पण शेवटपर्यंत गायली. टाळ्या मोजक्याच पडल्या.

नंतर सुरूच्या झाडांखाली तो म्हणाला, "डेल्फिन, मी आता ट्रम्पेटवाला नाही. पुढे किती… तेही डॉक्टर सांगत नाहीत."

"मी ट्रम्पेटवाल्याला कधी हो म्हटलं होतं?"

"मग?"

"खुळखुळेवाल्याला म्हणतेय. आवडतोस मला. किती दिवस, ते विचारलंय मी?"

त्याने खुळखुळे वाळूत ठेवले. मग त्याने तिचा हात धरला.

"तुझ्या आईला कोण सांगणार?"

"दोघं. आत्ताच."

थेरेसा दारातच उभी होती. किनाऱ्यावरची बातमी त्यांच्याआधी पोचली होती. तिने लेकीकडे पाहिलंच नाही. आग्नेलची बसलेली गालफडं, खांद्यावरून लोंबणारा शर्ट ती कितीतरी वेळ निरखत राहिली.

"आजच्या गोळ्या घेतल्यास?"

"राहिल्या, आंटी."

"मग दारात काय उभा?" ती आत वळली. "ये. रिकाम्या पोटी घ्यायच्या नसतात त्या."