हाकेला ओ

प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाडी दिसत असे, पण डॉ. रंजना तांडेलची नजर पडद्यावरच्या काट्यावर होती. दूर समुद्रात असलेल्या तिच्या वडिलांच्या होडीतल्या पेट्रोलच्या टाकीचा दाब तो काटा दाखवत होता.

"ऊन एवढं चढलं, तरी काटा जागचा हलत नाही," टाकी तपासायला आलेले डॉ. उपाध्ये म्हणाले. "तुमच्या टाकीला ताप येत नाही वाटतं."

रंजना हसली. साधी टाकी उन्हात तापली की पेट्रोलची वाफ होते आणि दाब वाढत जातो. या टाकीला तिने आतून बाष्पशोषक अस्तर लावलं होतं. दाब मर्यादेला पोचला की अस्तरातली सूक्ष्म दारं उघडत आणि जादा वाफ आत साठे. संध्याकाळी टाकी निवली की तीच वाफ पुन्हा पेट्रोल होऊन खाली उतरे.

"आणि दाब एकाएकी उतरला तर?"

"तर साठलेली वाफ बाहेर येते आणि दाब भरून काढते. पण तापलेली टाकी उघडेल कोण? निवल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हा आपला नियमच आहे."

बोलता बोलता ती थांबली. नियम प्रयोगशाळेचा होता.

इंजिन चालू करण्याआधी बा जुन्या पत्र्याच्या टाकीचं झाकण अर्धा आटा सैल करी. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून ती फुसफुस ऐके. त्याच्या सदऱ्याला पेट्रोलचा आणि सुक्या बोंबलांचा वास येई. आवाज थांबला की तो म्हणे, "शांत झाली बघ, बाय," आणि मगच दोरी ओढी. नव्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, हे तिने त्याला बजावलं होतं. त्याने मानही डोलावली होती. पण जन्मभराची सवय हातात असते.

काटा केसभर खाली आला आणि तिथेच थांबला.

उपाध्येंनी तो फरक नगण्य ठरवला. रंजना मात्र पडद्याजवळ सरकली. साध्या टाकीचा काटा शून्याकडे गेला असता. हा थांबला, म्हणजे गेलेली वाफ अस्तर भरून काढत होतं. फुसफुस लवकर थांबणारच नव्हती आणि बा ती थांबायची वाट पाहत बसणार होता. वारा पडलेला होता. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती त्याच्या पायांशी, होडीच्या तळात साचणार होती.

तिने बिनतारी संच उचलला. "बा, झाकण उघडलंस का?"

"सैल केलंय. आज लई वेळ फुसफुसते. थांबली की चालू करतो, बाय."

"आधी झाकण आवळ. इंजिनाला हात लावू नकोस."

आणि तिला आठवलं. त्याचा संच जुना होता. बोलायचं बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडे. ओल लागू नये म्हणून बा तो तळाशी, फळीखाली ठेवी. मघाशी तो बोलला तेव्हा वाफ तिथवर साचली नसावी; आता साचत होती.

समुद्रावर आलेल्या हाकेला ओ द्यायचीच, ही त्यांच्या घरातली रीत होती. काका धुक्यात गेला, त्या दिवशी बा हाका मारत राहिला होता आणि ओ आली नव्हती. तेव्हापासून बाने एकही हाक तशीच जाऊ दिली नव्हती.

तिचं बोलणं संपलं की तो बटण दाबणार. तिने स्वतःचं बटण सोडलंच नाही.

"बा, ओ देऊ नकोस. संचाला शिवू नकोस. झाकण आवळ, वल्ही घे, हळूहळू किनाऱ्याकडे ये. ओ देऊ नकोस." ती तेच तेच बोलत राहिली. अंगठा पांढरा पडला. किती वेळ बोलणार होती?

काटा केसभर वर चढला. झाकण आवळलं गेलं होतं. वाफ अजून होडीतच होती.

सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिने अंगठा उचलला.

"उत्तर नाही," बऱ्याच वेळाने उपाध्ये दबक्या आवाजात म्हणाले.

रंजनाने काट्याकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता. म्हणजे टाकी शाबूत होती आणि होडीही. संचातून नुसती खरखर येत होती. आयुष्यात पहिल्यांदाच बाने तिच्या हाकेला ओ दिली नव्हती, आणि आता खाडीच्या तोंडाशी होडी दिसेपर्यंत त्याने ती देऊ नये, एवढंच मागत रंजना ती खरखर ऐकत बसली.