दोन तास दहा मिनिटं

मी थापाड्या आहे, हे आधीच कबूल करतो. घरातलं मांजरसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

पण हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत.

आणि रात्री नाही. भुताला रात्रच लागते असं ज्याला वाटतं, त्यानं पहिल्या पाळीला जाऊन बघावं.

मी बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. पाच दहाची कंपनीची बस, सातला गेट. एक तास पन्नास मिनिटं. ओव्हरटाइम करून परतायला नऊ वाजायचे. चार वर्षांची मुलगी मी निघताना झोपलेली, येतानाही झोपलेली.

तिनं एकदा बाबांचं चित्र काढलं. नुसते बूट होते.

बसमध्ये माझ्या शेजारी मिनिटकाका बसायचे. फिटर. सगळं मिनिटांत मोजणार. "चहा चार मिनिटं, बायकोचा राग चाळीस."

आमचा नियम होता. एक दिवस खिडकी त्यांची, एक दिवस माझी. खिडकीवाल्यानं झोपायचं, दुसऱ्यानं जागं राहायचं. गेटच्या अलीकडचा पूल आला की कोपर मारायचं.

"उठा, पूल आला."

त्या मंगळवारी खिडकी त्यांची होती. पूल आला. मी कोपर मारलं…

हलले नाहीत.

पुन्हा मारलं…

गेट आलं. भोंगा झाला. माझे दोन लेटमार्क आधीच पडले होते. म्हटलं, ड्रायव्हर उठवेल. उतरलो.

संध्याकाळी तीच बस न्यायला आली. मिनिटकाका खिडकीशीच होते…

तसेच.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच दहाची बस पकडली.

महिन्याभरानं ऑफिसातून कागद आला. कामावर यायला किती वेळ लागतो? दोन तासांवर लागत असेल त्याला कारखान्यामागे खोली.

मी लिहिलं, दोन तास दहा मिनिटं. वीस मिनिटांची थाप. माझ्या मानानं किरकोळ.

एका सकाळी ऑफिसचा कारकून गेटवर बसमध्ये चढून एकेकाला खरंच किती वेळ लागतो ते विचारत होता. मी झोपेत होतो. शेजारची जागा रिकामी होती.

जाग आली तेव्हा तो माझ्या अर्जावर सही करत होता.

"खोली मिळाली तुम्हाला. तुमच्या शेजारच्यांनी सांगितलं."

"कुठल्या शेजारच्यांनी?"

"ते फिटर. म्हणाले, यानं लिहिलाय तेवढाच वेळ लागेल, मी जातीनं बघेन."

मी पटकन खाली उतरलो. खोली हवी होती.

खोलीच्या दारातून गेट दिसायचं. चालत चार मिनिटं. पहिल्या दिवशी आरामात पावणेसातला निघालो. मुलगी जागी होती, तिनं हातही हलवला.

गेटवर पोचलो तेव्हा घड्याळात नऊला पाच कमी होते.

मधलं काही आठवत नव्हतं. फक्त बरगडीत कोपर बसल्याचं…

"उठा, पूल आला."

कारखान्यामागे पूल नाही.

मग मी पाचला दहा कमी असताना निघू लागलो. बरोबर सातला पोचायचो. परततानाही तेवढाच वेळ.

मुलगी झोपलेली असायची.

बायको म्हणायची, "गेट इथून दिसतंय. एवढा वेळ असता कुठं?"

"चालत असतो."

"एकदा तरी खरं बोला."

आता नोकरी सुटून अकरा वर्षं झाली. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते. दुपारी एकला जेवायला बोलावते. मी अकराला दहा कमी असताना चपला घालतो.

परवा तिनं विचारलं, "बाबा, मी लहान असताना तुम्ही असायचात कुठे?"

मी सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "तुमची सगळ्यात चांगली थाप ही."

मीही हसलो.

कोपर अजून बसतं. रोज, त्याच बरगडीत. त्याचं काही वाटत नाही.

पण एक दिवस ते बसेल… आणि मी हलणार नाही.

तेव्हा मिनिटकाका थांबतील, की उतरून जातील?