परिणामांची पूर्ण जाणीव होती

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. देवाशपथ सांगते, हे माझ्याच टेबलावर घडलंय आणि तेही भर दुपारी.

मुलांच्या कोर्टात मी टायपिस्ट. सोळा पूर्ण झालेल्या पोरानं मोठा गुन्हा केला, की डॉक्टरसाहेब त्याच्याशी बोलतात. आपण करतोय त्यानं काय होईल, हे पोराला कळत होतं का? रिपोर्टात 'होय' आलं, की पोरगा मोठ्यांच्या कोर्टात.

साहेब नुसतं नाव आणि वय सांगायचे. बाकी मजकूर मी जुन्या रिपोर्टातून उचलायचे. ते न वाचता सही ठोकायचे. दोघांनाही घरी जायची घाई!

एकदा चिमण्या नावाचा पोरगा आला. भांडणात त्यानं दगड मारला होता. माणूस जागीच गेला. साहेबांसमोर बसून चिमण्या एकच विचारत होता, "ते काका बरे झाले का?"

मी माझ्या कानांनी ऐकलं.

तरी रिपोर्टात जुनीच ओळ राहिली... 'परिणामांची पूर्ण जाणीव होती.' लक्षात आलं तेव्हा सही झाली होती. म्हटलं, आता कोण पुन्हा काढत बसणार? मेला माझा आळस!

मोठ्यांच्या तुरुंगात तो अकरा दिवस टिकला. कसा गेला ते विचारू नका.

बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच होते. डोक्यावर पंखा फिरत होता... पण आवाज नव्हता.

कसलाच आवाज नव्हता.

मग पाठीमागून... "काकू, ते काका बरे झाले का?"

वळले. कुणी नाही.

प्रिंटर आपोआप सुरू झाला. कागद बाहेर आला... तोच रिपोर्ट, तीच ओळ. वय सोळा.

नाव माझ्या लेकाचं!

मी कागदाच्या चिंध्या केल्या.

"उपाशीपोटी होतात असले भास," शिपाईमामा हसले.

लेक तेव्हा पंधराचा होता. गेल्या मंगळवारी त्याला सोळा पूर्ण झाली.

परवा संध्याकाळी तो खेळून आला आणि बेसिनपाशी हात धूत उभा राहिला... किती वेळ!

"काय रे, जेवायचं नाही का?"

तो वळलाच नाही. "आई... ते काका बरे होतील ना?"

नळ धो धो वाहत होता. आवाज येत नव्हता.

आज मी साहेबांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलेय. लेक आत आहे. आईनं टाइप करायचं नाही, म्हणून टेबलावर नवी मुलगी बसवलीय.

मघाशी ती बाहेर डोकावली. घाईत होती बिचारी.

"ताई, जुना रिपोर्ट कुठे ठेवलाय हो?"