एक हात मागे

मळमड्डीतल्या आमच्या भाड्याच्या घरात सगळे प्लग गुडघ्याच्या उंचीवर होते. स्मृती चालायला लागली तशी मी प्रत्येक प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी लावली. माझा नवरा मुकुल म्हणाला, "घराला काय अपघात झालाय? जिथं तिथं बँडेज." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढी भीती वाटते तर शिकून घे की."

म्हणून अठ्ठ्याण्णव साली, बी.ए. होऊन, लग्न होऊन, आई झाल्यावर, मी सप्तापूरच्या एका कॉलेजात विजेच्या प्राथमिक कोर्सला नाव घातलं. दुपारचे वर्ग. तेवढा वेळ स्मृती खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे, अनसूयाअक्कांकडे राहायची.

बॅटरी, बल्ब, वायर. वाट पुरी झाली की दिवा लागतो. कुठंही तुटली की विझतो. मला ते ऐकून फार बरं वाटलं. ज्याची मला भीती वाटत होती, त्याला नियम होते.

वेंकटेश सरांचा एक नियम मात्र पुस्तकात नव्हता. बोर्डाला हात लावताना दुसरा हात पाठीमागे. "ओंदु कै हिंदे," ते कन्नडमध्ये बजावायचे आणि माझ्यासाठी पुन्हा मराठीत, "एक हात मागं, बाई. दोन्ही हात लावलात तर करंट ह्या हातातनं त्या हातात जातोय. मधे काळीज आहे बघा." पोरं डावा हात पँटच्या खिशात घालायची. साडी नेसून येणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि जयलक्ष्मी. आम्ही हात पाठीशी पदराआड धरायचो.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी दोन बल्ब जोडत होते आणि पाठीमागे धरलेल्या माझ्या बोटाभोवती कुणीतरी मूठ आवळली. छोटी, गरम, जराशी चिकट मूठ.

मागे वळून पाहिलं. भिंत होती आणि मीटर ठेवायचं कपाट.

दिवसभर स्मृती ह्याच बोटाला लोंबकळते, बोटाला सवय लागली असेल, असं मी स्वतःला समजावलं. तीन-चार दुपारी तसंच झालं. खरं सांगायचं तर मला ते नकोसं वाटत नव्हतं.

मग परीक्षेआधीचं प्रॅक्टिकल आलं. आमच्या टेबलावरचा बल्ब बदलायचा होता. जयलक्ष्मीनं स्विच बंद केला, दिवा विझला. "घाल हात," ती म्हणाली. "का मुहूर्त बघतेस?"

मी उजवा हात होल्डरकडे नेला. मागचं बोट जोरात ओढलं गेलं. इतकं, की माझा तोल जाऊन मी एक पाऊल मागे आले.

"काय गं?"

"टेस्टर दे," मी म्हटलं.

होल्डरला टेस्टर लावला. त्यातला छोटा दिवा लाल पेटला.

सरांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. कुणीतरी स्विच करंट आणणाऱ्या फेजऐवजी तो परत नेणाऱ्या न्यूट्रलच्या वायरवर बसवला होता. "हे लई वाईट," सर हळूच म्हणाले. "दिवा विझतोय, पण करंट आत तसाच उभा असतोय. स्विच बंद आहे म्हणून विश्वास टाकू नका."

रिक्षानं घरी येईपर्यंत माझं बोट दुखत होतं. अक्का स्मृतीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. "वैशाली, तुझी पोरगी आज काय खेळत होती कुणास ठाऊक. दोरी ओढल्यासारखं हवेतच ओढत होती. ओढली, ओढली आणि धपकन खाली बसली."

मी हसले. हसण्याचा आवाज मलाच परका वाटला.

घरातले बोर्ड तपासायचे होते, पण मुकुल येण्याच्या आत स्वयंपाक उरकायचा होता. कणीक भिजवायला घेतली. अक्का मागोमाग स्मृतीला घेऊन वर आल्या, तिला खोलीत सोडून दारातच चपला काढत राहिल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून मला सगळं दिसलं.

स्मृतीनं प्लगवरची चिकटपट्टी नखानं सोलली होती. उजव्या हातात माझी केसांची पिन होती.

स्विच बंद होता.

मी ओरडले असते तर ती दचकली असती. धावले असते तरी पोचले नसते.

तिचा डावा हात पाठीमागे होता. मूठ मिटलेली. मुठीत एका बोटाएवढी पोकळी.

मी कणकेत हात तसेच ठेवून डाव्या हाताचं बोट वाकवलं. हळूच. मग जोरात.

स्मृती दोन पावलं मागे आली. पिन फरशीवर पडली. मागे न बघताच ती खुदकन हसली.

"अक्का, तिला उचला," मी म्हटलं.

हात धुतले, कोरडे पुसले. बंद स्विचच्या प्लगला टेस्टर लावला. लाल.

मेन बंद केला. बोर्ड उघडला. डावा हात मागे घेतला आणि फेजची वायर होती तिथून काढून स्विचला जोडली, न्यूट्रल सरळ प्लगला. मेन लावून पुन्हा पाहिलं, स्विच बंद केल्यावर टेस्टर विझलेला राहिला. सगळ्या बोर्डांवरून फिरले. बाकीचे ठीक होते. त्या संध्याकाळी घर पहिल्यांदा माझं वाटलं.

बाहेरून अक्कांनी हाक मारली. स्मृतीची डावी मूठ त्या अलगद उघडत होत्या.

"ही तर तुझ्याजवळ आलीच नव्हती की गं," त्या म्हणाल्या.

इवल्या तळव्यावर ओली कणीक होती, मधोमध माझ्या बोटाचा ठसा उमटलेली.