क्लेटचं हसणं

शेगडीत आणखी एक लाकूड सारा, आणि तो फोन उलटा ठेव रे. सांगतोय ती घडलेली गोष्ट आहे, आमच्या व्हरमाँटातच, वेंडेल प्रौटीच्या बाबतीत. त्याची गाडी माझ्याच गॅरेजात यायची.

वेंडेल एका बँडचा भक्त. बँडचं नाव सांगत नाही. बाकीचे भक्त अजून जिवंत आहेत, दारात येऊन बसतील. एकच गाणं पाऊण तास दळायचं, आणि दळून झालं की पुन्हा जात्यात घालायचं, असा तो बँड. भक्त मंडळी बांबूएवढ्या दांड्यांवर माइक लावून प्रत्येक कार्यक्रम टेप करायची. त्यांचा धर्म साधा होता. विकायचं नाही, मागेल त्याला प्रत करून द्यायची. आणि माइकजवळ कुणी शिंकलं तरी म्हणायचं, "शू!"

वेंडेलनं तर घरी आईलाही सोडलं नाही. म्हातारी बटाटे तळायला लागली की हा खोलीतून, "शू!"

त्याचा दोस्त क्लेट गेल्या हिवाळ्यात वारला. एकोणीस वर्षांपूर्वी क्लेटनं एक कार्यक्रम टेप केला होता. त्या रात्री वेंडेल तापानं घरी पडला होता, आणि ते दुःख त्याला बाप मेल्यापेक्षा मोठं. ही एक टेप मात्र क्लेटनं कुणालाच दिली नाही. का? तर गिटारचा एकच सूर लांबलेला, सगळं सभागृह गप्प, आणि तेवढ्यात बायकोनं, बेवनं, त्याच्या कानात सांगितलं, मी दोन जिवांची आहे. क्लेट हसला, आणि ते टेपवर आलं. बिचारा जन्मभर दुसऱ्यांचे आवाज धरत राहिला. त्याचा स्वतःचा आवाज उरला तो एवढाच.

बेवनं भोळेपणानं ती टेप वेंडेलला प्रत करायला दिली. आणि या शहाण्यानं काय करावं? कॉम्प्युटरवर ते हसणं पुसलं, आणि साफ झालेलं पुन्हा मूळ टेपवरच उतरवलं. मळकी प्रत जगात राहायलाच नको!

हिवाळा आला म्हणून सगळे घड्याळं तासभर मागे करतात आणि अंधार लवकर पडायला लागतो, त्या नोव्हेंबरातल्या रविवारी बेवचा फोन आला.

"वेंडेल, आज आण बाबा. लेक उद्या कॉलेजला परत जातेय. तिला बापाचं हसणं ऐकवायचंय."

"अगं, हसणं कसलं, घाण होती ती! काढून टाकली. आता ऐक, काचेसारखी झालीय."

बेव म्हणाली, "तू टेप आण."

हा निघाला. वर गुरगुरत होता, "बायकांना संगीतातलं काय कळतंय!" नदीकाठच्या रस्त्यावर काळोख पडलेला. गाडीत टेप लावली. गिटार दळत होती. वर छप्पर, बाजूंना भिंती असा आपला झाकलेला लाकडी पूल आला. फळ्या खडखडल्या.

तो लांबलेला सूर लागला.

फळ्यांची खडखड थांबली. गाडी चालतेय… आवाज नाही. इंजिनाचा नाही. नदीचा नाही.

नुसता सूर.

मागच्या सीटवर कुणीतरी हसलं. हळू. खूश होऊन.

वेंडेलनं टेप बंद करायचं बटण दाबलं. सूर थांबला नाही. पूलही संपेना.

"क्लेट…?"

वेंडेलनं दार ढकललं, उघडेना.

"क्लेट, चुकलो रे… मला उतरू दे…"

कानाशी गार श्वास.

"शू…"

बेवच्या अंगणात गाडी पोचली तेव्हा वेंडेल स्टिअरिंगला मिठी मारून बसला होता. तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज नाही. बेवच्या लेकीनं त्याला घरात आणलं. बेवनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेप काढली आणि घरच्या यंत्रात घातली.

गिटार. मग तो सूर. आणि क्लेट हसला. जसाच्या तसा. लेक रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी वेंडेलनं पुलावरचं सगळं मला कागदावर लिहून दाखवलं, आणि बेवनं ती टेप ऐकवली. वेंडेलच्या गाडीतलं यंत्र मी या हातांनी बसवलंय, पोरांनो. ते फक्त वाजवतं. त्यात रेकॉर्डिंगचं बटणच नाही. पण क्लेटचं हसणं संपतं ना, तिथं एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या गर्दीत, माइकच्या अगदी जवळ, एक माणूस रडतोय. "मला उतरू दे…"

त्या रात्री आपण तिथं नव्हतो म्हणून वेंडेल जन्मभर कुढला. घ्या. आता आहे तिथं.

आणि त्याच्या शेजारी उभं असलेलं कुणीतरी त्याला म्हणतंय…

"शू."